पहिल्या फेरीचं पाकीट

तिकीट अगदी बेतानं बसलं. मी त्यावर टीपकागद ठेवून अंगठ्यानं दाबलं, मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि टीपकागद उचलला. दोन आण्यांचं, लाल रंगाचं, नटराजाचं तिकीट. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात इतकी वर्षं नुसती एक फिकट चौकट होती, तिथं ते आता नीट दिसत होतं. टपालाच्या शिक्क्याचं वर्तुळ मात्र तिकिटाच्या कडेशी येऊन तुटत होतं. ते मला पाहवेना. मी सगळ्यांत बारीक निब काढलं, काळ्या शाईत पाण्याचे दोन थेंब घातले आणि वर्तुळ पुरं केलं. माझा हात पहिल्यापासून चांगला. जोड कुठं आहे ते मलासुद्धा शोधावं लागलं असतं.

मग पाकीट हातभर दूर धरून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

ही १९८७ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट, नागपूरची, धरमपेठेतली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. नीटनेटकेपणाचं मला खूळच होतं. फळ्यावरची तारीख तिरकी दिसली तर मी तास थांबवून ती पुसायची आणि पुन्हा लिहायची. मुली मला मागे ‘पट्टी’ म्हणत, हे मला ठाऊक होतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आमच्या समोरच्या घरात त्र्यंबक वझलवार राहत. सोनेगावच्या विमानतळावर वायरलेस ऑपरेटर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्यांना विमानानं आलेल्या टपालाचा छंद होता. नुसत्या तिकिटांचा नव्हे. तिकिटं गोळा करणारा माणूस पाकिटावरून तिकीट कापतो, कोमट पाण्यात सोडवतो आणि वहीत लावतो. काकांना हे ऐकूनही त्रास व्हायचा. “तिकीट म्हणजे काय, छापलेला कागद,” ते म्हणत. “त्याच्यावर शिक्का पडला, की मग त्याला गाव येते, तारीख येते, विमान येते. तू ते पाण्यात सोडवलं तर काय उरलं?”

त्यांच्याकडे पाकिटांचे अकरा खोके होते. १९२९ साली आपल्याकडे विमानाचं चित्र असलेली पहिली सहा तिकिटं निघाली, ती लावून गेलेली पाकिटं. नव्या मार्गावर विमान पहिल्यांदा उडालं, त्या दिवशीची पाकिटं. ‘नाइट मेल’ची पाकिटं तर ढिगानं, कारण ती रात्रीची टपालविमानं चारी दिशांनी नागपुरातच येत, इथं थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत परत जात. काका त्याच काळात तिथं कामाला होते. १९११ साली अलाहाबादच्या मैदानावरून एक फ्रेंच वैमानिक सहा हजारांवर पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला गेला, ते जगातलं पहिलं सरकारी विमानटपाल. ते पाकीट काकांकडे नव्हतं. त्याचा फोटो होता, आणि तो फोटो दाखवतानाही ते आधी हात धुऊन यायचे.

त्या वर्षी विदर्भातल्या संग्राहकांचं मोठं प्रदर्शन शनिवारी सुरू होणार होतं. काका आयुष्यात पहिल्यांदा भाग घेत होते. बत्तीस पानं मांडायची होती. प्रत्येक पानावर एक किंवा दोन पाकिटं आणि खाली हातानं सुबक अक्षरात माहिती. काकांचा हात कापायला लागला होता म्हणून त्यांनी मला बोलावलं. शाळेतून दोन आठवडे रोज दुपारी मी थेट त्यांच्याकडे जात होते. एकतीस पानं झाली. बत्तिसावं त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

“हे पान प्रदर्शनात लागलं पाहिजे,” ते म्हणाले होते. “बाकीची एकतीस नाही लागली तरी चालते मला. याचा मजकूर मी नंतर सांगतो. तू फक्त कागदी कोपरे लावून पाकीट पानावर बसवून ठेव.”

पाकीट जुनं, सुरकुतलेलं, पत्त्याची निळी शाई थोडी पसरलेली. ‘त्र्यंबक वझलवार, वायरलेस विभाग, सोनेगाव’ एवढं इंग्रजीत वाचता येत होतं. जांभळ्या शाईतला एक आडवा शिक्का होता, पण पुसट. त्यातून मला इतकंच कळलं की पाकीट खराब अवस्थेत मिळालं आहे. तिकिटाच्या जागी चौकट. पाकीट बंद होतं, कधी उघडलेलंच नव्हतं.

गुरुवारी दुपारी काका प्रदर्शनात पानं लावायच्या चौकटींचं बघायला सायकलवरून बाहेर गेले. मी कोपरे लावायला बसले आणि मला वाटलं, काकांचं सगळ्यांत लाडकं पाकीट आणि तेच असं बोडकं! त्यांच्या सुट्या तिकिटांच्या पत्र्याच्या डब्यात मला नेमकं त्या मापाचं, त्या काळातलं तिकीट सापडलं. कडेला शिक्क्याची थोडी काळी रेघही होती. म्हटलं, काकांना आल्यावर एकदम दाखवू. बाकी मग वर सांगितलंच.

सुमतीकाकू चहा घेऊन आल्या. काकूंना या छंदाचं तोंडदेखलंसुद्धा कौतुक नव्हतं. दिवाणखान्यातून जाताना त्या खोक्यांकडे पाहतही नसत. पण त्या दिवशी कप टेबलावर ठेवता ठेवता त्या थांबल्या.

“हे तिकीट कुठून आलं?”

“मी लावलं,” मी म्हटलं. “कसं दिसतं?”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसताहेत.

“वैजू, काय करून बसली तू हे!”

“काय झालं?”

“हे विमान पाण्यात पडलं होतं ग. तलावात. त्याच्यातल्या थैलीतलं पाकीट आहे हे. तिकीट पाण्यानं सुटून गेलं, तीच त्याची खूण. शिक्का अर्धा पाकिटावर आहे आणि अर्धा त्या गेलेल्या तिकिटासोबत गेला. तो जिथं तुटते न, तिथंच परीक्षक भिंग लावून पाहतात. तिथं तिकीट दिसलं की ते म्हणतील, हे बनावट आहे. आणि तू तर वर शाई पण फिरवली!”

ज्या बाईला आम्ही या विषयातलं काही कळत नाही म्हणत होतो, तिला सगळं पाठ होतं. चाळीस वर्षं एका घरात ऐकलेलं जाणार कुठं?

“काकू, शनिवारी सकाळी पानं द्यायची आहेत,” मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता. “काकांना काय सांगू मी? याच पानासाठी ते सगळं करून राहिले.”

“माहीत आहे मला कोणासाठी करून राहिले ते.” काकू खुर्चीवर बसल्या. “मुकुंदसाठी. तुला सांगितलं नाही त्यांनी? मुकुंद म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. माझा दीर. मद्रासला एका खासगी कंपनीत होता, विमानात वायरलेसवर. एक्कावन्न साली कंपनीनं नवीन मार्ग सुरू केला, मद्रासहून विशाखापट्टणममार्गे नागपूर. पहिल्याच फेरीत धुकं लागलं आणि विमान तलावात गेलं. कोणी नाही वाचलं. तुझ्याच वयाचा होता तो, चोवीसचा.”

“आणि हे पाकीट?”

“त्यानं पाठवलेलं. त्याच विमानातून. वीस दिवसांनी पोस्टमन घेऊन आला, सोबत टपाल खात्याची दिलगिरीची चिठ्ठी. सासूबाई धावत गेल्या. पोराचं शेवटचं पत्र म्हणून. तुझ्या काकांनी त्यांच्या हातून घेतलं आणि म्हणे, फोडायचं नाही.”

“का?”

“म्हणे, फोडलं की पाकीट संपलं.” काकू हे अगदी शांतपणे बोलल्या. “सासूबाई पुढे दोन वर्षं जगल्या. शेवटचे चार दिवस तर दुसरं काही मागत नव्हत्या. वाच रे एकदा त्र्यंबक, मला ऐकव आणि मग ठेवून दे. नाही फोडलं. माझ्या डोळ्यांदेखत नाही म्हणाले. त्या दिवसापासून मी त्या खोक्यांना हात नाही लावला.”

मी काकांकडे ज्या नजरेनं पाहत आले होते, ती एका क्षणात बदलली. हात धुऊन फोटो धरणारा तो माणूस मला एकदम दगड वाटायला लागला. आणि तरीही त्यांच्या पाकिटाची मी वाट लावली होती, हे काही बदलत नव्हतं.

“वाफेवर धरलं तर तिकीट निघेल का?” मी विचारलं. “पाण्यात तर नाही घालता येणार, पत्ता पुसेल.”

“निघेल,” काकू म्हणाल्या आणि उठल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी केतलीत पाणी भरून गॅसवर ठेवलं. तोटीतून वाफ यायला लागली तसा मी हात पुढे केला. पण पाकीट काकूंनी माझ्या हातून घेतलं. दोन्ही हातांच्या बोटांत हलकेच धरून त्यांनी ते वाफेवर नेलं. नेलं, पण उलटं. तिकीट वर, त्यांच्याकडे, आणि मागची चिकटवलेली बाजू खाली.

“काकू, तिकीट पुढच्या बाजूला आहे.”

“तिकीट कुठे आहे ते माहीत आहे मला.”

मला त्यांना थांबवता आलं असतं. नुसतं पाकीट काढून घ्यायचं होतं. मी तसं केलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पाहायचं होतं.

छत्तीस वर्षांपूर्वीचा डिंक, त्यातून एकदा तलावात भिजलेला. दोन मिनिटांतच कडा वर यायला लागली. काकूंनी भाजी चिरायच्या चाकूचं टोक आत घालून ती हळूच सरकवली. कुठं फाटलं नाही. मग त्यांनी दोन बोटं आत घातली आणि आतलं बाहेर काढलं.

पाकिटापेक्षा जरा लहान कापलेला पिवळट पुठ्ठा होता. काकूंनी तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. पाकीट तोंडाशी नेऊन त्यात फुंकर मारली आणि आत डोकावल्या.

“कागद कुठे आहे?” त्या म्हणाल्या. “वैजू, तुला दिसते का काही?”

काही नव्हतं. पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती.

“शाई गेली असेल पाण्यानं,” मी म्हटलं.

“नाही गेली,” दारातून काका म्हणाले.

सायकलचा आवाज आम्ही दोघींनीही ऐकला नव्हता. त्यांच्या पँटला अजून क्लिपा होत्या. त्यांनी केतलीकडे पाहिलं, काकूंच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे आणि त्याच्यावरच्या तिकिटाकडे. आता ते माझ्यावर ओरडणार म्हणून मी अंग चोरून घेतलं. ते पुढे आले, गॅस बंद केला आणि धान्याच्या डब्यावर बसले.

“शाई नाही गेली,” ते पुन्हा म्हणाले. “त्याच्यात काही लिहिलंच नव्हतं.”

“तुम्हाला कसं माहीत?” काकूंनी विचारलं.

“मीच तसं सांगितलं होतं. कोरा पुठ्ठा घाल, म्हणजे पाकीट वाकत नाही. चिकटव आणि टाक. पहिल्या फेरीची पाकिटं अशीच असतात, सुमती. आत कोणी काही लिहीत नाही. शिक्क्यासाठी पाठवतात.”

काकूंनी पुठ्ठा पुन्हा एकदा उलटा केला.

“त्या फेरीवर त्याची ड्युटी नव्हती,” काका म्हणाले. “दुसऱ्याची होती. मंगळवारी दुपारी मी ड्युटीवर होतो. वायरलेसवर कामाशिवाय बोलायचं नसते, पण मद्रासच्या टेबलावर ओळखीचा माणूस होता. मी तीन ओळी पाठवल्या. मुकुंदला सांग, नव्या मार्गाच्या पहिल्या फेरीचं पाकीट पाहिजे. कोणाशी ड्युटी बदलता आली तर बदल, स्वतःच घेऊन ये. तासाभरानं उत्तर आलं. नुसतं एक अक्षर. निरोप मिळाला म्हणून.”

“आणि गुरुवारी तो बसला.”

“गुरुवारी तो बसला.”

नळाचं पाणी थेंब थेंब गळत होतं, ते बंद करावं असं मला वाटत होतं. पण मी जागची हलले नाही. मघाशी मी त्यांना मनात दगड म्हटलं होतं, त्याची मला लाज वाटली.

“सासूबाईंना का नाही सांगितलं?” काकूंनी विचारलं. “चार दिवस त्या मागत होत्या. नुसतं सांगून द्यायचं, आत काही नाही म्हणून.”

“मग तिनं विचारलं असतं, काही नाही तर पाठवलं कशाला? काय सांगणार होतो? तुझा पोरगा माझ्या कोऱ्या पुठ्ठ्यासाठी त्या विमानात बसला, असं सांगू? आत पत्र आहे आणि मोठा पोरगा फोडू देत नाही, हेच बरं होतं. मला शिव्या दिल्या, पण त्यानं काहीतरी लिहिलं आहे एवढं समाधान तिला होतं. तुलाही होतं.”

“मला समाधान होतं?” काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. “मला समाधान होतं म्हणता?”

त्यांनी पुठ्ठा ओट्यावर ठेवला आणि ओट्याला धरूनच उभ्या राहिल्या.

“तुमच्या पाकिटासाठी नाही बसला तो. माझ्यासाठी बसला.”

“काय बोलून राहिली तू?”

“बेबी झाली होती आपली. रविवारी बारसं होतं. तुम्हाला बहीण नाही, मग कानात नाव कोण सांगणार? आत्या नाही तर काका तरी पाहिजे, म्हणून मी मुकुंदला पत्र लिहिलं. बाळंतिणीच्या खोलीतून. शेजारच्या पोरीच्या हातानं पेटीत टाकलं. काही कर, पण रविवारच्या आत ये, असं लिहिलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाले असते, नोकरीवरच्या माणसाला असं बोलवायचं नसते.”

काका डब्यावरून उठले.

“मला वाटे, आत लिहिलं असेल, वहिनी, पत्र मिळालं, येतो म्हणून. मला ते वाचायचं होतं आणि वाचायचं नव्हतं पण. तुमच्यावर रागावणं सोपं होतं. तुम्ही फोडू देत नाही असं म्हणत राहिली. नाहीतर या घरात केतली काय आज आली?”

बेबीताई म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन बडोद्याला होती. पस्तिशीच्या बाईला सगळे बेबीच का म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. ते बारसं झालंच नव्हतं. शाळेच्या दाखल्यासाठी नाव लागलं तेव्हा कारकुनानंच एक सुचवलं होतं. घरात ते कधी कोणी वापरलं नाही.

काकांनी विचारलं, “पत्र कधी टाकलं होतं?”

“सोमवारी. चारच्या आत.”

“मग ते त्याला गुरुवारच्या आधी मिळालं नसेल. मद्रासला जायला तीन दिवस लागतात.”

“आगगाडीनं लागतात,” काकू म्हणाल्या. “नाइट मेल सुरू होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. नागपुरात चारच्या आत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मद्रासला. तुम्हीच तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.”

“सकाळी विमानतळावर पोचते. मग मोठ्या पोस्टात, मग वाटपाला. तो खोलीवर यायचा संध्याकाळी. माझा निरोप दुपारी दोनचा. त्यानं ड्युटी माझ्या निरोपानं बदलली, सुमती. तुझं पत्र नंतर मिळालं.”

“तो मंगळवारी सुटीवर असायचा. सकाळचं वाटप त्याला खोलीवरच मिळालं असेल. दहा वाजता. म्हणजे चार तास आधी.”

“सुटीवर होता तर माझ्या निरोपाला तासाभरात उत्तर कसं आलं?”

“उत्तर मद्रासच्या टेबलावरच्या माणसानं दिलं असेल. निरोप घेतला म्हणून. मुकुंदला सांगितला की नाही, कोणाला माहीत?”

हे काकांना छत्तीस वर्षांत सुचलं नसावं. मग ते मान हलवून म्हणाले, “नाही. त्यानं सांगितला. पाकीट तर आलं न.”

“पाकीट आलं,” काकू म्हणाल्या. “पण तो निघाला होता आधीच. जातोच आहे तर दादाचं पाकीट टाकू, असं म्हटलं असेल.”

“सुमती, उगाच स्वतःकडे ओढू नको.”

“मी ओढत नाही. तुम्ही ओढून राहिले.”

ते दोघं अशा तावातावानं वेळा सांगत होते की कोणी बाहेरून ऐकलं असतं तर घरावरून भांडताहेत असं वाटलं असतं. प्रत्येकाला आपलाच निरोप आधी पोचवायचा होता. मी दोघांच्या मधे उभी राहून रडत होते, आणि माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

शेवटी काकांचं गेलं. “तू काहून रडते?”

“मी तिकीट लावलं,” मी म्हटलं. “शाईही मीच फिरवली.”

त्यांनी पाकीट हातात घेतलं. वाफेनं तिकिटाचा एक कोपरा वर आला होता. खिशातला चिमटा काढून त्यांनी तो कोपरा धरला. हात कापत होता, म्हणून डावा हात मनगटाखाली धरला. काही न फाटता तिकीट निघालं, पण माझी शाई खाली पाकिटावर उतरली होती. चौकटीत एक काळपट डाग राहिला.

“हात चांगला आहे तुझा,” ते भिंगातून पाहत म्हणाले. “दिल्लीचा परीक्षक पण फसला असता. म्हणूनच तर ते ठेवता येत नाही.”

“आता हे पान नाही लागणार?”

“लागेल. जसं आहे तसं लागेल. चल, मजकूर घे.”

शनिवारी ते पान लागलं. परीक्षकांनी भिंग लावून पाहिलं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: ‘पाकीट उघडलेले, तिकिटाच्या जागी फेरफार, विचारात घेता येत नाही.’ एकतीस पानांवर काकांना कांस्यपदक मिळालं. ते त्यांनी कुठल्याशा ड्रॉवरमध्ये टाकलं. काकू तिन्ही दिवस प्रदर्शनात आल्या आणि बत्तिसाव्या पानाजवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या. लोक येत, वाचत आणि पुढे जात. काका पुढे चार वर्षांनी गेले, काकू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मी आता साठी ओलांडली आहे. त्या पानावरचं माझं अक्षर मी नंतर कधीच तितकं चांगलं काढू शकले नाही. पण मला आठवतो तो गुरुवार, दिवाणखान्यातलं ते टेबल, आणि काका मजकूर सांगताहेत.

“लिही,” ते म्हणाले. “नव्या मार्गाची पहिली फेरी, फेब्रुवारी एकोणीसशे एक्कावन्न. विमान अपघातात नष्ट. तिकीट पाण्यात सुटून गेले. डाग आमच्या घरी पडला. पाकीट आज उघडले. आत कोरा पुठ्ठा.”

मी लिहीत गेले. ‘डाग आमच्या घरी पडला’ हे लिहिताना मी वर पाहिलं. माझं नाव त्यांनी घातलं नाही.

“पाठवणारा, मुकुंद वझलवार, वायरलेस ऑफिसर. याच विमानात.” ते जरा थांबले. “आता खाली वेगळी ओळ. मागवणारा, त्र्यंबक वझलवार.”

काकू दाराशी उभ्या होत्या. पुठ्ठा पुन्हा त्यांच्या हातात होता.

“माझंही नाव घाल,” त्या म्हणाल्या.

“तू पाकीट कुठे मागवलं होतं?” काका म्हणाले.

“मी माणूसच मागवला होता.”

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. ओळ एकच होती. मी पट्टी ठेवून दोन नावं मावतील अशी जागा आखली आणि निब शाईत बुडवलं.

“कोणाचं नाव आधी लिहू?” मी विचारलं.

“माझं,” दोघंही एकदम म्हणाले.